रिमोट तिच्या हातात

आमचे हे भित्रे आहेत. मी पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि ते मान डोलावतात. घरातून निघताना गॅसचं बटण बघतात, दाराला कुलूप लावून ओढून बघतात, जिना उतरतात आणि पुन्हा वर येऊन गॅसचं बटण बघतात. बघतात म्हणजे काय, तर तळहात शेगडीवर धरून ऊब लागते का ते पाहतात, मग अंगठ्याने बटण दाबून पाहतात, मग वाकून वास घेतात. नवीन लग्न झालं होतं तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही. पुढे लक्षात आलं की बिचाऱ्यांचा कशावरच नाही.

लोखंडी टाक्या बनवायच्या कारखान्यात हे क्रेन चालवतात. छताखालच्या रुळांवरून सरकणारी क्रेन, तिच्या आकड्याला लटकलेली घराएवढी टाकी, आणि खाली जमिनीवर गळ्यातल्या पट्ट्याला रिमोट अडकवून चालणारे हे. टाकी उचलायच्या आधी दर वेळी मोठ्याने "सबूर!" असं ओरडतात. सगळे जागच्या जागी थांबले, सगळ्यांचे हात दिसले, की मग बटण दाबतात. त्यावरून कारखान्यात त्यांचं नावच सबूर पडलंय. सबूरच्या पाळीत काम पुढे सरकत नाही म्हणून पोरं कुरकुर करतात. पण स्वतःच्या भावाला नाहीतर मुलाला कामाला चिकटवायची वेळ आली, की तीच पोरं साहेबांच्या मागे लागतात, त्याला सबूरच्याच पाळीत टाका म्हणून.

ही भीती कुठून आली ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांच्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं. हे नवखे असताना ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकले, तो माणूस कामात फार तरबेज होता. एकदा आकड्याची पुली अडकली म्हणून फिटर शिडीवर चढला आणि पुलीत हात घालून बघायला लागला. उस्ताद खाली उभा, रिमोट हातात, आणि रिमोट चालू. कुणीतरी हाक मारली. उस्ताद वळला, वळताना त्याचा अंगठा बटणावर पडला. फिटरच्या हाताला अंगातला शर्ट काढून बांधला तो ह्यांनी.

तेव्हापासून ह्यांचा एक नियम आहे: रिमोट मेल्याशिवाय मशीनला हात नाही. आधी रिमोट बंद करायचा, त्याची किल्ली खिशात घालायची, मगच पुढे पाऊल. आणि रिमोट दुसऱ्या कुणाच्या हातात चालू असेल, तर हे त्या क्रेनच्या आसपासही फिरकत नाहीत. साहेबांनी बोलावलं तरी लांबूनच "काय?" म्हणून विचारतात.

अशा घरात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी राहायला आली. बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला लांबच्या शहरात नोकरी लागली होती, आणि पोरीची शाळा अर्ध्यावर. परीक्षा होईपर्यंत आमच्याकडे राहू दे, असं ठरलं. पोरगी चौदा वर्षांची. चालायला लागली तेव्हापासून स्वतःभोवती गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडायची, उठून पुन्हा फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. निघायच्या दिवशी बहिणीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, तिचं खाणंपिणं, अभ्यास, तू बघशीलच. एकच सांगते. भाऊजींची भीती तिला लागू देऊ नकोस. कशालाच घाबरत नाही गं माझी पोर. तशीच मला परत दे."

"तशीच देते," मी म्हटलं. बोलून तर बसले. ज्या माणसाची भीती मला इतक्या वर्षांत काढता आली नाही, त्याच माणसाबरोबर पोरीला एका घरात ठेवायचं, आणि वर तिला लागू द्यायची नाही.

भिंगरीने आल्या आल्याच घोटाळा केला. आपले चाकांचे बूट वर्गातल्या एका मुलीला दिले आणि बदल्यात त्या मुलीच्या भावाची जुनी रिमोटची गाडी घेऊन आली. लहान पोरांना रडू थांबवायला घेऊन देतो तसली गाडी नव्हे. हातभर लांब, रबराची दातेरी चाकं, खाली खऱ्या गाडीसारख्या स्प्रिंगा, आणि वर एक रंग उडालेलं प्लास्टिकचं टरफल. रिमोट पिस्तुलासारखा: बोटाखाली चाप, बाजूला गाडी वळवायचं छोटं चाक.

"काका, तुम्ही रिमोटवर एवढी क्रेन चालवता," ती म्हणाली. "मला ही शिकवा की."

ह्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता नाही म्हणतील, मग पोरगी हिरमुसेल, मग मी भांडेन. हे गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी बॅटरी बघू."

बॅटरी म्हणजे मऊ पाकीट होतं, साबणाच्या वडीएवढं. ह्यांनी कारखान्यातल्या वायरमनला विचारलं आणि चेहरा पांढरा करून घरी आले. असली बॅटरी जास्त चार्ज झाली की फुगते, फुगली की फुटते, फुटली की पेटते, आणि पेटली तर पाण्याला दाद देत नाही. झालं. माझी लोखंडी कढई गेली. त्या कढईत बॅटरी, कढई फरशीवर मधोमध, पडदे बांधून वर, बाजूला वाळूची बादली, आणि स्टुलावर हे. चार्जिंग होईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. कुणी बेल वाजवली तरी दार मीच उघडायचं. भिंगरी हसून हसून लोळायची. मीही हसायचे, पण माझं अर्धं लक्ष पोरीच्या तोंडाकडे असायचं. हसतेय ना अजून? हसतेय. मग ठीक.

खरं सांगायचं तर शिकवलं त्यांनी फार छान. आधी गाडी एका पालथ्या डब्यावर ठेवली, चाकं हवेत. चाप किती दाबला की चाक किती फिरतं, ते नुसतं आवाजावरून ओळखायला लावलं. मग म्हणाले, "चालवायचं नसेल तेव्हा बोट कुठे?"

"चापावर?"

"बाहेर. चापाच्या बाहेर, सरळ. विसरलीस तर खेळ बंद."

दोन-चार दिवसांत पोरीचं बोट शाळेत पेन धरतानाही सरळ राहायला लागलं.

मग गाडी बाहेर काढली. आमच्या गल्लीच्या मागे एक बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज आहे. समोर माल उतरवायचं सिमेंटचं मोठं आवार, आणि फाटकाशी पहारेकऱ्याची खोली. पहारेकरी आमच्या ओळखीचा, त्याच्या विजारी मीच आखूड करून देते. तो म्हणाला, या की. पहिल्या दिवशी ह्यांनी गाडी पिशवीतून काढलीच नाही. अख्खं आवार पायी फिरून खिळे, काचा, तारेचे तुकडे उचलले. खडूने रेघ मारली: भिंगरीने रेघेच्या अलीकडे उभं राहायचं, गाडीने पलीकडे. मी पायरीवर बसून शर्टांना बटणं लावत होते आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारत होते.

पण पोरगी शिकली. सुरुवातीला गाडी स्वतःकडे यायला लागली की तिचा गोंधळ उडायचा. समोरून येणाऱ्या गाडीचं डावं-उजवं उलटं होतं ना. उजवीकडे वळव म्हटलं की डावीकडे पळायची आणि भिंतीवर आपटायची. हे म्हणाले, "तू इथे उभी नाहीसच. तू गाडीत बसली आहेस. आता वळव." थोड्याच दिवसांत पालथ्या बादल्यांच्या मधून गाडी अशी काढायला लागली की पहारेकऱ्याने टाळ्या वाजवल्या. ह्यांना हसताना मी फार कमी पाहिलंय. त्या आवारात पाहिलं.

आणि दर वेळी शेवट एकच. गाडी थांबली? "सबूर!" रिमोट बंद. मग रेघेपलीकडे पाऊल. भिंगरीही मोठ्याने "सबूर!" ओरडायला शिकली होती. रिमोट बंद केला की गाडी जागच्या जागी जरासा हिसका द्यायची. दचकल्यासारखी.

"बघितलंस?" हे म्हणायचे. "मशीनचा भरवसा नाही. म्हणूनच आधी रिमोट मारायचा."

पोरगी मान डोलवायची. मीही पाहिला होता तो हिसका. मला काय कळतंय त्यातलं. माझ्या शिलाई मशीनची सुई बदलताना मी प्लगसुद्धा काढत नाही.

तो दिवस आला तेव्हा पहारेकऱ्याचा नातू फाटकाजवळ उकिडवा बसून दगडांची ओळ लावत होता. जेमतेम बोलायला लागलेलं पोर. गाडी त्याच्यापासून पुष्कळ लांब, आवाराच्या मध्यावर थांबली होती. भिंगरीने बोट चापाबाहेर घेतलं. "सबूर!" ओरडली. रिमोट बंद केला. सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि रेघेपलीकडे पाऊल टाकलं.

गाडीने हिसका दिला, आणि ती सुटली.

तो आवाज माझ्या कानात अजून आहे. इतके दिवस पोरीने अर्ध्या चापावरच चालवली होती. पूर्ण चापावर ती गाडी किती जोरात पळते, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती किंचाळत सरळ फाटकाकडे निघाली. भिंगरी मेलेल्या रिमोटचा चाप दाबत होती, सोडत होती, दाबत होती. उठायला गेले तर मांडीवरचा शर्ट पायात आला. पोर दगडांतून मान वर करून बघत होतं, आणि त्याला गंमत वाटून त्याने दोन्ही हात पुढे केले.

हे धावले. मी ह्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. धावणारा माणूस पडतो असं त्यांचं म्हणणं. ते आडवे धावले, पोराला काखेत मारलं आणि फाटकावर जाऊन आदळले. गाडी त्यांच्या टाचेला घासून गेली आणि फाटकाच्या लोखंडी खांबावर बसली. टरफल एकीकडे उडालं, बॅटरी एकीकडे. बॅटरी आधी फुगली, मग तिच्यातून पांढरा धूर आला, मग फस्सकन जाळ. हे पोराला पहारेकऱ्याच्या अंगावर टाकून मागे पळाले, वाळूची बादली उचलली आणि अख्खी उपडी केली. ती बादली हे रोज आवारात घेऊन यायचे. रोज आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो.

पोराला ओरखडासुद्धा नव्हता. घाबरून रडत होतं तेवढंच. पहारेकऱ्याने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "उद्यापासून नका येऊ."

भिंगरी रेघेवर उभी होती. रिमोट दोन्ही हातांत धरलेला, आणि बोट चापाबाहेर, सरळ.

घरी येऊन तिने गाडी आणि रिमोट खोक्यात भरले आणि खोकं माळ्यावर टाकलं. जेवली नाही. "माझ्या हातून झालं," एवढंच म्हणाली. मी समजावलं, जवळ घेतलं, रागावून पाहिलं. हे बोललेच नाहीत. टाचेला औषध लावून भिंतीकडे बघत बसले. मला त्यांचा इतका संताप आला. एवढी भीती बाळगून, एवढ्या रेघा ओढून शेवटी हे झालं, आणि आता पोरीशी दोन शब्द बोलता येईनात!

बहिणीचा फोन आला. "कशी आहे गं?"

"तशीच आहे," मी म्हटलं.

दोन दिवसांनी भिंगरी शाळेला निघाली. मी आतल्या खोलीत कापड बेतत होते. दार ओढल्याचा आवाज आला, जिन्यावर पावलं वाजली. आणि मग पावलं परत वर आली. दार पुन्हा उघडलं. काहीतरी विसरली असेल म्हणून मी डोकावले. पोरगी स्वयंपाकघरात उभी होती. तळहात शेगडीवर धरला होता. मग अंगठ्याने बटण दाबून पाहिलं. मग वाकून वास घेतला.

कात्री हातात तशीच धरून मी दाराआड उभी राहिले. मी घरात आहे, गॅस बंद केलाय, हे तिला माहीत होतं. तरी बघत होती. आणि अगदी त्यांच्यासारखं, त्याच क्रमाने. बहिणीचा आवाज कानात घुमायला लागला. लागली. शेवटी लागलीच.

त्या संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी चहासुद्धा विचारला नाही. "तुमचं त्या पोरीला लागलं," मी म्हटलं. "गॅसचं बटण बघते ती आता. वास घेऊन बघते. आता हिच्या आईला काय तोंड दाखवू मी?"

हे पायातला बूट काढता काढता थांबले. मग तो बूट पुन्हा घातला, स्टूल घेऊन माळ्यावरचं खोकं काढलं, पिशवीत टाकलं आणि निघून गेले. वाटलं, कुठेतरी फेकून देतायत. मीही अडवलं नाही.

बऱ्याच वेळाने परत आले. पिशवी होतीच हातात. दारातच पायरीवर बसले. गावाच्या टोकाला असल्या गाड्यांचं आणि छोट्या विमानांचं एक दुकान आहे, तिथे जाऊन आले होते.

"दुकानदाराने एकच प्रश्न विचारला," हे म्हणाले. "बंद करताना आधी काय बंद करता? मी म्हटलं, रिमोट. तो माझ्याकडे बघतच राहिला."

"मग?"

"उलटं असतं. आमच्या क्रेनचा रिमोट मेला की क्रेन जागच्या जागी थांबते. तिला तसं बनवलेलंच असतं. ही जुनी गाडी तशी नाही. हिला रिमोट ऐकू येईनासा झाला की ही हवेतलं काहीही ऐकते. कुणाचा दुसरा रिमोट, कुठली मोटर. जे ऐकेल ते करते. म्हणून आधी गाडी बंद करायची, रिमोट सगळ्यात शेवटी. तो हिसका होता ना, तो तेच सांगत होता रोज. मी पोरीला रोज..." मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. रागाचं पार पाणी झालं होतं. आयुष्यभर ज्या नियमाला धरून जीव वाचवले, त्याच नियमाने एक पोर जायबंदी केलं असतं.

भिंगरीला त्यांनी सांगितलं तेव्हा ती टेबलाशी वही उघडून बसली होती. "तुझा हात चुकला नाही. माझा नियम चुकला."

तिने मान वर केली नाही. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोललोय का?"

ही गोष्ट खरी होती. पोरीलाही ती माहीत होती. पण म्हणाली, "तरी मला नको, काका. मला भीती वाटते."

"भीती वाटते" हे शब्द मी त्या पोरीच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकले.

ह्यांनी तिला आग्रह केला नाही. गाडीचा मोडलेला पुढचा दांडा बदलला. नवी बॅटरी आणली. दुकानदाराकडून रिमोटची आणि त्याचं ऐकणाऱ्या, गाडीतल्या पेटीची नवी जोडी बसवून घेतली. ह्या पेटीला शिकवून ठेवता येतं, की रिमोट ऐकू आला नाही तर ब्रेक लाव आणि गप उभी राहा. रोज कामावरून आले की गाडी पालथ्या डब्यावर, चाकं हवेत. चाप दाबायचा, चाकं गरगर फिरायची, मग मुद्दाम रिमोट बंद करायचा. चाकं थांबायची. पुन्हा. पुन्हा. भिंगरी आधी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मग दार नुसतं लोटायला लागली. मग एक दिवस चौकटीला टेकून उभी राहिली.

"थांबते दर वेळी?"

"अजून तरी."

मग हे पहारेकऱ्याकडे गेले. काय बोलले कोण जाणे. पहारेकरी म्हणाला, फाटक लावून घेईन, नातू खोलीत राहील, आणि मी स्वतः समोर उभा राहून बघेन. रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. भिंगरीच्या ओठांवरचा रंग उडाला होता. मी बटणं लावायचं कापड नेलं होतं ते पिशवीतून काढलंच नाही.

ह्यांनी खांबापुढे वाळूची पोती लावली. "पोत्यांवर सोड," म्हणाले. "पूर्ण चाप. मी सांगेन तेव्हा रिमोट बंद कर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिने चाप दाबला. तोच आवाज. पहारेकरी खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. गाडी पोत्यांवर धावत गेली, हे ओरडले, "बंद!", भिंगरीने डोळे मिटून रिमोट बंद केला. डोळे मिटले होते म्हणून तिला दिसलं नाही, मला दिसलं. चाकं जागच्या जागी आवळली गेली, गाडी घसरत गेली आणि पोत्यांच्या अलीकडेच उभी राहिली. गप.

पुन्हा करायला लावलं. डोळे उघडे ठेवून. पुन्हा. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला. मग रिमोट चालू ठेवून तिने बादल्यांच्या मधून एक फेरी काढली, आणि गाडी आवाराच्या मध्यावर आणून थांबवली. "सबूर!" म्हणाली, आणि सवयीने तिचा अंगठा रिमोटच्या बटणाकडे गेला.

"नाही!" हे ओरडले. "तो चालू राहू दे."

"मग गाडी कोण बंद करणार?"

"मी."

गाडीचं बटण मागच्या दोन चाकांच्या मधे होतं, खालच्या अंगाला. गुडघे टेकून, मान वाकवून दोन्ही हात आत घालावे लागत. आणि रिमोट चालू. आणि दुसऱ्याच्या हातात. तेव्हा माझ्या लक्षात आलं हे काय करायला निघालेत. फिटरच्या हाताला बांधलेला तो शर्ट मी कधी पाहिला नाही, पण त्या क्षणी तो माझ्या डोळ्यांसमोर आला. ही एवढीशी गाडी, हिने फार तर बोट सोलवटेल, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. कळून काय उपयोग.

"काका, नको ना. माझ्याच्याने चुकून दाबलं गेलं तर?"

"बोट कुठे आहे?"

"बाहेर."

"मग झालं."

ते रेघ ओलांडून चालत गेले. गाडीपाशी उभे राहिले. सवयीप्रमाणे मागे वळून पोरीच्या हातांकडे पाहिलं, हे हात बघितल्याशिवाय कधी काही करत नाहीत. मला वाटलं, आता तिच्याकडे तोंड करून बसतील, एक डोळा तिच्या बोटावर ठेवून काम करतील. पण त्यांनी तिच्याकडे पाठ केली. पाठ करून गुडघे टेकले आणि चाकांत हात घातले.

बटण घट्ट होतं, लगेच सापडेना. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटलेली मला दिसत होती, आणि बुटांची टोकं सिमेंटवर टकटक वाजत होती, इतके पाय कापत होते. भिंगरी रिमोट छातीशी धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला हात हलवावा लागला असता. बोट बाहेर, सरळ.

टक्‌ असा बारीक आवाज आला.

"गाडी बंद," हे तिकडे तोंड करूनच म्हणाले. "आता तुझा."

तिने रिमोट बंद केला. मग खाली सिमेंटवर फतकल मारून बसली. हे उठून आले, तिच्याजवळ उभे राहिले, काय करावं ते न सुचून तिच्या डोक्यावर टपली मारली.

"तुम्ही बघितलं पण नाहीत माझ्याकडे," ती म्हणाली.

"काय बघायचं? तू होतीस ना."

पहारेकऱ्याने खोलीचं दार उघडलं. नातू बाहेर आला आणि दगडांकडे गेला.

बहिणीचा फोन दुपारी आला. मी शिलाईच्या मशीनवर होते. भिंगरीने माझी कढई फरशीच्या मधोमध ठेवली होती, वाळूची बादली शेजारी ओढली होती, पडदे वर बांधले होते, आणि स्टुलावर बसून बॅटरीवर डोळे लावले होते. हे पलंगावर आडवे होऊन चक्क घोरत होते. बॅटरी चार्ज होत असताना हा माणूस झोपलेला मी कधी पाहिला नव्हता.

"ताई, खरं सांग हं," बहीण म्हणाली. "भाऊजींचं काही लागलं तर नाही ना पोरीला?"

मशीनची सुई बदलायची होती. मी वाकून आधी प्लग काढला.

"लागलं गं," मी म्हटलं. "थोडं लागलं. असू दे."